ट्रेलरचं एकच चाक तापायचं, अक्कलकोट रोडच्या अण्णांनी कारण शोधून दिलं (अनुभव जरा मोठा आहे)

सोलापुरात कार वाहून न्यायचा ट्रेलर असणारे लोक किती असतील, मोजकेच. पण जनरेटरची ट्रॉली ओढणारे आहेत, उजनीवर बोट घेऊन जाणारे आहेत, आणि ब्रेक चिकटून चाक तापायचा त्रास त्या सगळ्यांनाच कधी ना कधी होतो म्हणून हे लिहितोय. कामाचं कौतुक तर करायचंच आहे, पण नुसतं "मस्त काम, पाच स्टार" लिहून कुणाला काही कळत नाही, म्हणून काय बिघडलं होतं आणि अण्णांनी ते कुठल्या क्रमानं शोधलं ते सगळं सांगतो.

आमचा धंदा जुन्या गाड्या घेऊन नीट करून विकायचा, मी आणि माझा मेव्हणा. बंद पडलेली गाडी पुण्याहून आणायची म्हणजे प्रत्येक वेळी टोइंगवाल्याला पैसे द्यायचे, ते परवडेना म्हणून पुण्यातल्या एका रॅलीच्या गाड्यावाल्याकडून चार चाकांचा, म्हणजे दोन एक्सलचा ट्रेलर सेकंडहँड घेतला. सांगाडा इकडंच बनवलेला, पण पुढचा कपलर (ट्रेलर गाडीला जोडायचा भाग) आणि ब्रेकचं सगळं सामान बाहेरच्या देशातलं. बोलेरोनं ओढतो.

ह्याचे ब्रेक कसे चालतात ते माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात. बोलेरोच्या ब्रेकचा आणि ट्रेलरच्या ब्रेकचा पाइपानं वायरनं काही संबंध नाही. बोलेरो हळू झाली की मागचा ट्रेलर स्वतःच्या वजनानं पुढं ढकलतो, त्या ढकलण्यानं कपलरची नळी आत सरकते, नळी आतला लिव्हर दाबते, लिव्हर खालचा लांब रॉड ओढतो, रॉड एका बॅलन्सच्या पट्टीला लावलेला असतो आणि त्या पट्टीवरून चार केबल चार चाकांच्या ड्रममध्ये जातात. केबल ओढली की ड्रममधले दोन शू पसरतात आणि शूवरचं लायनर ड्रमला आतून घासून चाक थांबवतं. जेवढ्या जोरात ट्रेलर ढकलणार तेवढा ब्रेक लागणार. नळीच्या आत एक डॅम्पर असतो, आपल्या शॉकअपसारखा, म्हणजे नळी झटक्यात आत जात नाही आणि ढकलणं संपलं की परत बाहेर येते. हँडब्रेकही त्याच रॉडला ओढतो. पूर्ण मेकॅनिकल काम आहे, ब्रेक ऑइल नाही काही नाही. म्हणून लोकांना वाटतं ह्यात बिघडण्यासारखं काय आहे. खूप आहे.

मार्चमधली गोष्ट. पुण्याला जायला निघालो, ट्रेलर रिकामाच होता, सावळेश्वर टोलच्या लाइनीत थांबलो तर मेव्हणा म्हणाला "दाजी, काहीतरी जळल्याचा वास येतोय". मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. टोल ओलांडून बाजूला घेतली, उतरून बघतो तर ट्रेलरच्या डाव्या बाजूच्या मागच्या चाकातून बारीक धूर. रिमला हात लावायची सोय नव्हती. अर्धा तास थांबलो, पाणी बिणी मारलं नाही (तापलेल्या ड्रमवर गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो), आणि तीसच्या स्पीडनं सोलापुरात परत आलो.

त्याच दिवशी शहरातल्या एका गॅरेजात नेला, नाव लिहीत नाही, त्यांचा कारचा रोजचा धंदा आहे आणि ट्रेलर त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितला असणार. पोरगं खाली शिरलं, रॉडचा नट सापडला, तो चांगला सात-आठ आटे ढिला केला, चाक हातानं फिरवून दाखवलं, "झालं बघा, टाइट झाले होते". पाचशे रुपये. मलाही ते पटलं, कारण ब्रेक पकडतोय म्हणजे टाइट आहे आणि टाइट आहे म्हणजे ढिला करा, हे ऐकायला बरोबरच वाटतं ना.

दोन दिवसांनी त्यावर एक जुनी मारुती आठशे घालून बाळे गावाकडून येत होतो. सिग्नलला ब्रेक मारला आणि मागून धाडकन धक्का बसला, बोलेरो अख्खी हात-दोन हात पुढं ढकलली गेली. पुढं एक बाई स्कूटीवर पोराला घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यात आणि माझ्या बंपरमध्ये किती अंतर उरलं होतं ते मी अजून विसरलो नाही. बाजूला घेऊन चाकं तपासली तर गंमत नाही, खरोखर डोकं फिरायची वेळ आली, तीन चाकं थंड आणि मागचं डावं परत गरमच. म्हणजे रॉड ढिला करून जे तीन ब्रेक चांगले लागत होते ते घालवले, आणि जो एक चिकटत होता तो तसाच चिकटलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं अण्णांनी निम्मं निदान नुसत्या ह्या एका वाक्यावर केलं.

अण्णांचं नाव मला एका ट्रॉलीवाल्यानं सांगितलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं शेड आहे, बोर्ड नाही. अण्णा मूळचे यंत्रमागावरचे जॉबर, वीस-बावीस वर्षं माग दुरुस्त केले, नंतर ट्रॉल्यांच्या एक्सल आणि ब्रेकच्या कामात आले. नाव आणि नंबर मी टाकत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, दोन माणसांचं शेड आहे आणि जास्त गर्दी झेपत नाही. ट्रॉलीच्या एक्सलचं काम कोण करतं असं त्या गल्लीत विचारलं तर कुणीही दाखवेल.

मी गेलो आणि सवयीनं म्हणालो, अण्णा केबल बदलायच्या का लायनर बदलायचे, काय खर्च येईल. ते म्हणाले, "आधी बघू की ओ मालक, तोडायची घाई काय". आणि प्रश्न सुरू केले. कुठलं चाक तापतं. किती लांब गेल्यावर तापतं. ट्रेलर रिव्हर्स घेताना अडतो का. पावसाळ्यात कुठं उभा होता आणि हँडब्रेक ओढून उभा होता का. रॉड ढिला केल्यावर काय झालं. मी ते तीन थंड एक गरम सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले म्हणजे पुढं, कपलरमध्ये किंवा रॉडमध्ये दोष असता तर चारही चाकं थोडीथोडी तापली असती, आणि रॉड सोडल्यावर चारही सुटली असती. एकच चाक तापतंय आणि रॉड सोडूनही सुटत नाही, तर दोष बॅलन्सच्या पट्टीच्या मागं आहे, त्या एकाच केबलमध्ये नाहीतर त्या एकाच ड्रममध्ये. अजून पान्याला हात लावला नव्हता.

तरी तेवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. म्हणाले ट्रेलर जोडा, कुंभारीपर्यंत जाऊन या, सावकाश जा, ब्रेक शक्यतो मारू नका, थांबायचं झालं तर गिअरवर गाडी हळू करा. कारण ब्रेक मारले की चारही ड्रम तापणारच, मग कुठला चिकटतोय ते कसं कळणार? हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. गेलो आणि आलो. शेडसमोर थांबल्या थांबल्या अण्णा लोटाभर पाणी घेऊन आले आणि बोटानं एकेका हबच्या टोपणावर थेंब थेंब शिंपडलं. ड्रमवर नाही बरं का, हबच्या पत्र्याच्या टोपणावर, चार थेंब. तीन चाकांवर पाणी नुसतं ओघळलं. चौथ्यावर चर्र झालं आणि थेंब उडून गेले. मग आतून ते तापमान मोजायचं पिस्तूल आणलं, मुलानं घेऊन दिलंय म्हणाले, आणि आकडे मला वहीत लिहायला लावले. पुढचं उजवं ४६, पुढचं डावं ४९, मागचं उजवं ४७, मागचं डावं ११८. त्या दिवशी दुपारचं ऊन ३८ च्या आसपास होतं, म्हणजे ४५-५० हे नुसतं रस्त्याचं आणि बेअरिंगचं तापणं झालं. तीन चाकं एकमेकांजवळ आणि एक अडीच पट. अण्णांचं म्हणणं, आकडा किती आहे ह्यापेक्षा बाकीच्या भावंडांपेक्षा किती वेगळा आहे ते बघायचं.

मी म्हणालो मग ब्रेकच. ते म्हणाले बेअरिंग पण असू शकतं. बेअरिंग जाम होत असेल तरी हब असाच तापतो, आणि लोक ब्रेक ढिला करत बसतात आणि एक दिवस चाक निघून शेतात जातं. चाकांना लाकडाचे गुटके लावले, हँडब्रेक सोडला, जॅक लावला, खाली घोडी दिली (नुसत्या जॅकवर काम करत नाहीत, हे मला फार आवडलं), आणि चाक वर-खाली धरून हलवलं. खडखड नाही, ढिलं नाही. मग हातानं फिरवलं आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक हबला आणि मूठ कानाला. मलाही ऐकायला लावलं. खरखर नव्हती, एकसारखा घासल्याचा सूं सूं आवाज आणि चाक अर्ध्या फेऱ्यात थांबायचं. बाजूचं चाक तसंच फिरवलं तर चार-पाच फेरे जायचं. बेअरिंग बरं आहे, लायनर घासतंय.

आता पुढची पायरी मला सगळ्यात आवडली कारण ती इतकी साधी आहे की घरीसुद्धा करता येईल. बॅलन्सच्या पट्टीवरून त्या एका चाकाची केबल काढली. केबल सुटल्यावर चाक मोकळं झालं असतं तर दोष पुढचा. नाही झालं. मग चाक काढलं, ड्रम काढला, आणि आत केबलचं टोक जिथं शू पसरवणाऱ्या लिव्हरला अडकवलेलं असतं तिथून ते सोडलं. टोक सुटल्या सुटल्या दोन्ही शू टप्प करून आत आले. म्हणजे ड्रमच्या आतलं सगळं हलतंय, शूला परत यायचंय, पण केबल त्यांना धरून ठेवत होती. अर्ध्या तासात चार संशयितांपैकी तीन बाद, एक पकडला.

केबल बाहेर काढून त्यांनी माझ्या हातात दिली. आतली तार ओढून बघितली तर जोर लावला की सरकायची, पण परत ढकलली की जागची हलत नव्हती. बाहेरच्या कव्हरवर बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले, जिथं केबल एक्सलच्या यू बोल्टला घासत होती. कव्हरचं प्लॅस्टिक दीड-दोन इंच फाटलेलं, आतली पोलादी गुंडाळी उघडी आणि लाल. पावसाचं पाणी तिथून आत गेलं, गंज धरला, गंज फुगला आणि तार आत आवळली गेली. ब्रेक लागताना रॉड जोरात ओढतो म्हणून तार जायची, पण परत आणायला फक्त शूच्या दोन छोट्या स्प्रिंगा, त्यांचं बळ पुरत नव्हतं. म्हणून ब्रेक लागायचा, सुटायचा नाही. मी म्हणालो ऑइल सोडून चालेल का, तर म्हणाले चार दिवस चालेल, मग परत इथंच याल. आत गंजलेली केबल फेकायचीच असते.

ड्रमच्या आत बघितलं तर ताप किती झाला होता ते कळलं. ड्रमवर निळसर डाग, लायनरला काचेसारखी चकाकी, स्प्रिंगा तापून सैल, आणि हबमधलं ग्रीस वितळून सीलमधून लायनरच्या काठाला लागलेलं. चकाकी पॉलिश पेपरनं घासून निघते म्हणाले, पण ग्रीस पिलेलं लायनर कशानंही धुतलं तरी नीट होत नाही, तापलं की परत वर येतं. त्यामुळं शू बदलायचे, आणि बदलायचे तर एका एक्सलच्या दोन्ही चाकांचे, नाहीतर एका बाजूला जास्त ब्रेक लागून ट्रेलर ओढणार. केबलही मागच्या एक्सलच्या दोन्ही. पुढच्या एक्सलच्या चारही शू आणि केबल काढून दाखवल्या आणि म्हणाले ह्याला काही करायचं नाही, उगाच पैसे घालू नका. अहो, चारही बदला म्हणले असते तरी मी दिले असते त्या दिवशी! नाही म्हणाले.

एक बारीक गोष्ट. हेल्परचं पोरगं कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन ड्रममधली धूळ उडवायला आलं, तर अण्णा त्याच्यावर ओरडले. ओलं फडकं घेऊन पुसायला लावलं. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाते आणि निघत नाही. मागावर असताना सूताच्या धुळीनं खोकणारी माणसं बघितलीत म्हणाले. ज्या शेडमध्ये पोराच्या छातीची काळजी केली जाते तिथं काम टाकायला मला बरं वाटतं.

सामान सोलापुरात मिळण्यासारखं नव्हतं. केबलची लांबी टोकापासून टोकापर्यंत आणि बाहेरच्या कव्हरची वेगळी अशी दोन मापं घेतली, ड्रमच्या आतला व्यास आणि शूची रुंदी मोजली, आणि मी पुण्याहून कुरियरनं मागवलं. तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी नव्या केबल, नवे शू, नव्या स्प्रिंगा बसल्या. बेअरिंग धुवून नवं ग्रीस भरलं, सील नवं, नट आवळून परत किंचित मागं घेऊन नवी कॉटर पिन. चारही चाकं मोकळी फिरायला लागली, मी पाकीट काढलं. अण्णा म्हणाले थांबा, पुढं या. हँडब्रेक ओढला आणि मला सांगितलं कपलरवर अंगाचं वजन टाकून मागं ढकला. नळी आत गेली. आणि आतच राहिली. "ही परत कुठं आली?" असं म्हणून माझ्याकडं बघत उभे राहिले. चांगली असती तर आत जाताना घट्ट लागली असती आणि सोडल्यावर आपोआप हळूहळू बाहेर आली असती.

म्हणजे दुसरा दोष. खरं सांगायचं तर त्या दिवशीच्या धुराचं हे कारण नव्हतं, कारण बोलेरोनं पुढं ओढलं की नळी बाहेर येतेच. पण टोलची लाइन असू दे नाहीतर गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात सिद्धेश्वर मंदिराकडची गर्दी, जिथं गाडी ओढत नाही नुसती सरकते, तिथं नळी अर्धी आत अडकून चारही ब्रेक थोडेथोडे धरून राहणार. कपलरवरचा रबरी बूट फाटलेला होता, ते मी रोज बघायचो आणि रबरच आहे म्हणून सोडून द्यायचो. त्यातून आपल्याकडची काळ्या रानाची बारीक धूळ आत जाऊन जुन्या ग्रीसमध्ये कालवली गेली होती. उघडलं तर ग्रीस नव्हतंच, डांबर होतं. रॉकेलनं धुतलं, नळीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरनं काढला, डॅम्पर सुटा दाबून बघितला तो चांगला निघाला, नवा बूट बसवला, आणि दोन्ही निप्पलमधून ग्रीस गन मारली, जुनं काळं बाहेर येऊन नवं पिवळं दिसेपर्यंत. परत मला ढकलायला लावलं. ह्या वेळी ढकलताना दम लागला आणि सोडल्यावर नळी स्वतःहून बाहेर आली. वर्षातून दोनदा ग्रीस मारा म्हणाले, एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा नंतर.

मग सेटिंग. हे जरा नीट वाचा, कारण पहिल्या गॅरेजनं जे केलं ते नेमकं ह्याच्या उलटं होतं. रॉड आणि केबल पहिल्यांदा पूर्ण ढिल्या सोडायच्या. मग एकेका ड्रमच्या मागच्या भोकातून अॅडजस्टर फिरवत शू ड्रमला टेकेपर्यंत न्यायचे, चाक हातानं फिरत नाही असं झालं की परत मागं घेत चाक मोकळं फिरेपर्यंत आणायचं. चाक फिरवायचं ते पुढच्याच दिशेनं. कारण ह्या ब्रेकमध्ये रिव्हर्स घेताना एक शू आपोआप आत पडायची सोय असते, ती नसेल तर ट्रेलर रिव्हर्सच घेता येणार नाही, मागं ढकललं की स्वतःच ब्रेक लावून बसेल. सेटिंग करताना चाक उलटं फिरवलं तर ती सोय चालू होते, शू आत पडतो, तुम्हाला वाटतं अजून ढिलं आहे आणि तुम्ही आवळत बसता. चारही ड्रम झाले की मग केबल, ओढल्यावर दोन ते पाच मिलिमीटर मोकळी हलली पाहिजे. सगळ्यात शेवटी रॉड. त्यात ढिलाई नको आणि ताणही नको, आणि हँडब्रेक ओढल्यावर बॅलन्सची पट्टी सरळ आडवी राहिली पाहिजे, तिरकी झाली तर एका बाजूची केबल कमी-जास्त आहे. लायनर झिजलं म्हणून रॉड आवळायचा नाही, आणि चाक चिकटतंय म्हणून रॉड सोडायचा नाही. रॉड ही ब्रेकची सेटिंग नाहीच. हे वाक्य अण्णांनी मला तीनदा सांगितलं.

ट्रायलला अण्णा स्वतः शेजारी बसले. ट्रेलरवर तीच आठशे चढवली, पट्ट्यांनी बांधली आणि तुळजापूरच्या घाटात गेलो. वर जाताना काही कळत नाही, खरी परीक्षा उतरताना. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, मधे मधे ब्रेक मारला, मागून ढकलल्याचा झटका एकदाही नाही, ट्रेलर गाडीच्या मागं आपला सरळ. खाली येऊन पाच-सात किलोमीटर ब्रेक न मारता चाललो आणि मग थांबून मोजलं. चारही चाकं ६१ ते ६८ च्या मध्ये. ते चार आकडे वहीत लिहिताना मला जे बरं वाटलं ते शब्दात सांगता येत नाही. त्या स्कूटीवरच्या बाई आणि ते पोरगं डोळ्यासमोर आलं.

पैशाचं. सामान कुरियरसकट ७,६००, ते मी परस्पर दिलं, त्यात अण्णांनी एक रुपया ठेवला नाही. त्यांची मजुरी चार दिवसांत मिळून २,८००, ग्रीस, सील आणि रबरी बूट धरून. एवढ्या कामाला मला हे फार कमी वाटलं आणि मी तसं बोललोही.

आता त्रास पण सांगतो, नाहीतर अर्धीच गोष्ट होईल. वेळ लागतो, म्हणजे लागतोच, सकाळी दिलं संध्याकाळी घेतलं असं इथं होत नाही. फोन दुपारी उचलत नाहीत, जेवण आणि झोप. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नाही, बसायला एक बाकडं आहे आणि पिण्याचं पाणी माठातलं मिळतं, बाकी सोय काही नाही. गल्ली अरुंद आहे, ट्रेलर वळवताना समोरच्या कारखान्याचं गेट उघडून घ्यावं लागतं, तो वॉचमन चांगला आहे पण टेम्पो लागलेला असेल तर थांबा. आणि आमच्या कामात एक चूक झाली, जॅक लावताना हेल्परकडून मागच्या लाइटची वायर तुटली, आणि ते आम्हाला घाटाकडं निघताना इंडिकेटर लागेना तेव्हा कळलं. अण्णांनी तिथल्या तिथं जोडून दिली आणि दुसऱ्या दिवशी बोलावून पाइपात घालून नीट केली, पैसे घेतले नाहीत. पण जाताना लाइट तपासूनच निघा. जीएसटीचं पक्कं बिल मिळत नाही, साध्या पावतीवर लिहून देतात, ज्यांना कंपनीच्या हिशोबाला लागतं त्यांनी आधी बोलून घ्या. स्कॅनरवर पैसे घेतात.

आणखी एक सांगितलं ते मी आता पाळतो. ट्रेलर महिना-महिना उभा राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, चाकांना गुटके लावायचे आणि हँडब्रेक सोडून ठेवायचा, कारण पावसाळ्यात लायनर ड्रमला गंजानं चिकटून बसतं. आमचा त्याआधीच्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्ट सगळा हँडब्रेकवर उभा होता. आता बाभळीचे दोन गुटके बोलेरोत कायम असतात.

ह्या कामाला आता पाच महिने झाले, पुण्याच्या अकरा खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला वरवड्याच्या टोलनंतर थांबून चारही हबला हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघतो, दोन मिनिटांचं काम आहे. सगळी सारखीच लागतात.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, ट्रेलर रिकामा न्या, आणि निघायच्या आधी ब्रेक न मारता दहा-बारा किलोमीटर फिरवून कुठलं चाक तापतंय ते बघून जा. अण्णा पहिलं तेच विचारतात.